गाठीजवळची पुतळी

१

मंजुळाबाईंच्या पुतळ्यांच्या माळेत एकही पुतळी सोन्याची उरली नव्हती, आणि हे कळलं ते घरातलं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं असताना. लेकीच्या अंगावर घालायच्या आधी माळेत आणखी एक पुतळी वाढवावी म्हणून त्या कुरुंद्याच्या रामकिशन सोनाराकडे गेल्या होत्या. रामकिशननं सवयीनं एक पुतळी कसोटीवर घासली, रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला आणि रेघ त्याच्या डोळ्यांदेखत विरून गेली. मग दुसरी घासली, तिसरी घासली. असं करत तो अकराव्या पुतळीपर्यंत पोचला. अकराच्या अकरा पितळेच्या, वरून नुसतं सोन्याचं पाणी.

माळ शेवटी कुणाच्या हातात होती हे सांगायला गावाला फार डोकं चालवावं लागलं नाही. चैत्रात बनाबाई पटवेकरीण आली होती आणि माळ नव्या रेशमात ओवून देऊन गेली होती. बनाबाई विधवा, मागेपुढे कुणी नाही. गावोगाव हिंडायचं, बायकांचे डाग, म्हणजे दागिने, रेशमात ओवायचे, त्यांना गोंडे बांधायचे आणि पोट भरायचं, हा तिचा धंदा. माळ एक दिवस आणि एक रात्र तिच्याकडे होती. तेवढं गावाला पुरेसं झालं.

ही हकिगत हिरासिंग परदेशी यानं ऐकली ती मंगळवारी सकाळी, हिंगोलीला, स्वतःच्या फोटोच्या दुकानात. ऐकता ऐकता त्याचा चहा गार झाला, कारण दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, बनाबाई त्याच्याच ओट्यावर बसून धंदा करायची आणि त्याच्याशी कचाकचा भांडायची. आज ओटा रिकामा का, हे त्याला आत्ता कळत होतं.

समोर दोघं बसले होते. एक मंजुळाबाईंचे मालक उत्तमराव, बोलायला सरळ आणि रागानं लाल झालेले. दुसरा त्यांच्या बहिणीचा नवरा, सेनगावचा सटवाजी. त्याचा फेटा मोठा आणि तोंड त्याहून मोठं.

"माळ मुद्देमाल म्हनून परभनीला जानार," उत्तमराव म्हणाले. "पोलिसातले अमीनसाहेब म्हनले, आधी फोटो काढून आना, म्हंजे वाटंत बदलली असं कोनी म्हनायला नको. पुतळी थाळीएवढी दिसली पाहिजे. पुढून बी आन् मागून बी."

"आन् लवकर," सटवाजीनं भर घातली. "त्या बनीला जास्त दिस बसवून ठिवू नये. अकराच्या अकरा पुतळ्या ओतून घेतल्या, वर पानी दिलं आन् खऱ्या गिळून बसली. हाय का न्हाई कमाल?"

"ती हाय कुठं?" हिरासिंगनं विचारलं.

"कुरुंद्याच्या चावडीत. शुक्रवारी अमीनसाहेब येतेत आन् तिला घेऊन जातेत."

हिरासिंगनं बोटं मोजली. मंगळवार ते शुक्रवार.  माळ घेतली, रुमालावर ठेवली आणि म्हणाला, "फोटो मिळंल. पर तो काय सांगंल, ते माझ्या हातात न्हाई."

२

हिरासिंगचा पणजा फौजेबरोबर उत्तरेतून आला होता. पुढे हिंगोलीची छावणी उठली, पण हे घराणं काही उठलं नाही. नवरा-नवरीला 'हलू नका' म्हणून दम देण्यात हिरासिंगचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. पण त्याचा खरा जीव अडकला होता बारीक वस्तूंत. मुंगीचं डोकं, तुरीच्या शेंगेतली अळी, झिजलेल्या नाण्यावरचं अक्षर असलं काहीतरी मोठं करून बघायचं त्याला वेड होतं. त्यासाठीचं विलायती सामान त्याला परवडत नव्हतं, आणि विलायतेकडे लढाई सुरू असल्यानं परवडलं असतं तरी मिळालं नसतं.

म्हणून त्यानं आपलं सामान आपणच जमवलं होतं. जवळची वस्तू मोठी दिसायला भिंग प्लेटेपासून लांब न्यावं लागतं, आणि कॅमेऱ्याचा भाता तेवढा ताणत नाही. हिरासिंगनं बिस्किटाचा लांबट डबा दोन्ही टोकांना कापला, आतून काजळी फासली आणि भात्याच्या पुढे जोडला. डब्याच्या तोंडाशी भिंग बसवलं ते मुद्दाम उलटं. तसं बसवलं की कडा स्वच्छ येतात, हे त्याला तीन वर्षं प्लेटा नासवून कळलं होतं. कॅमेरा खाली तोंड करून ठेवायला स्टुलाला मधोमध भोक पाडलेलं. खाली काळी पाटी, पाटीवर मेणानं चिकटवलेली वस्तू. वस्तू वरखाली करायला पाटीखाली पोस्टकार्डांची चळत. एक कार्ड काढलं की वस्तू केसभर खाली जायची. दुकानात येणारा प्रत्येक माणूस ते बघून हसायचा, आणि बनाबाई सगळ्यांत जास्त. "बापू, भंगारवाला चुकून फोटो काढाया बसला जनू," असं ती म्हणायची.

उत्तमराव माळेवर नजर ठेवून तिथेच खाटेवर मुक्कामाला राहिले. सटवाजी सेनगावला निघून गेला.

हिरासिंगकडे प्लेटा उरल्या होत्या तीन. पहिल्या प्लेटवर पूर्ण माळ पुढून घेतली. पुतळ्यांचा चकचकाट मारायला त्यानं पतंगाच्या पांढऱ्या कागदाचं नळकांडं करून माळेभोवती उभं केलं, खिडकीतलं ऊन त्यातून गाळून घेतलं, आणि पलीकडून जेवायची पांढरी जस्ती थाळी टेकवून उजेड परतवला. फोटो सुरेख आला. दुसऱ्या प्लेटवर त्याच उजेडात एका पुतळीची मागची बाजू घेतली, गाठीला लागून असलेल्या पुतळीची, कारण सुटं टोक तिकडेच होतं. ती प्लेट धुतली तर पुतळी आली भाकरीसारखी सपाट. बघण्याजोगं त्यात काहीच नव्हतं.

"झालं की मंग," उत्तमराव म्हणाले.

हिरासिंगला मात्र चैन पडेना. नांगरलेल्या रानातली तासं सकाळी लांबून दिसतात आणि दुपारी बारा वाजता तेच रान पाटासारखं वाटतं. उजेड डोक्यावर असला की खाचखळगे लपतात, तो कडेनं घसटत गेला की सगळे वर येतात. उद्या सकाळी पुन्हा बघायचं, असं त्यानं ठरवलं.

बुधवारी ऊन खिडकीत शिरलं तेव्हा खिडकीला जाड पुठ्ठा ठोकलेला होता आणि पुठ्ठ्याला बोटभर फट होती. नळकांडं काढून टाकलं होतं. उन्हाची पट्टी पाटीला जवळजवळ टेकून आडवी आली आणि पुतळीच्या पाठीवरून घसटत पुढे गेली. पलीकडे आरशाचा तुकडा होता, तोही पतंगाच्या कागदात गुंडाळलेला, म्हणजे सावल्या अगदीच काळ्याठिक्कर पडू नयेत. हिरासिंग काळ्या फडक्यात शिरला, दुधी काचेवर डोळा लावला, एक कार्ड काढलं, दुसरं काढलं, आणि तिथेच थबकला.

पुतळीच्या कडेला तीन ठिपके होते. नुसत्या डोळ्यांना मळ वाटावा इतके बारीक.

त्यानं शेजारची पुतळी भिंगाखाली सरकवली. दुधी काचेवर बघायला प्लेट लागत नव्हती, तेवढी चैन होती. तिच्यावर दोन ठिपके. तिच्या पुढचीवर दोन. एकेक करून त्यानं अकराही बघितल्या. दहांवर दोन ठिपके, सगळ्यांवर त्याच जागी, तेवढ्याच अंतरावर. फक्त गाठीजवळच्या पुतळीवर तीन.

"उत्तमराव, हिकडं या. काय दिसून राहिलं?"

उत्तमरावांनी फडक्यात डोकं घातलं, बराच वेळ डोळे फाडले आणि बाहेर येऊन म्हणाले, "धूळ हाय."

"धूळ मोजून बसत न्हाई, मालक," हिरासिंग म्हणाला. त्यानं गाठीजवळची पुतळी आणि तिच्या शेजारची, दोन्ही बाजूबाजूला मेणावर बसवल्या, शेवटची प्लेट घातली आणि चाळीस आकडे मोजून झाकण लावलं. मग त्याच डब्यातून उलट्या वाटेनं ऊन सोडून मोठ्या कागदावर फोटो उतरवला. कागद पाण्यातून काढला तेव्हा पुतळ्या खरंच थाळीएवढ्या झाल्या होत्या. पहिल्या दोन ठिपक्यांच्या कडा गोल आणि बुजलेल्या होत्या. तिसऱ्याची कड धारदार होती, आणि तिच्याभोवती धातूची बारीक किनार उचलून आली होती.

"हा फोटो घेऊन मीच येतो कुरुंद्याला," हिरासिंग म्हणाला.

३

गुरुवारी आगगाडीनं वसमत आणि तिथून छकड्यातून कुरुंदा. हिरासिंग आधी चावडीत गेला. बनाबाई भिंतीला पाठ लावून बसली होती. हातात धागा नसलेली बनाबाई त्यानं पहिल्यांदाच पाहिली.

"काहून आले बापू? चोरनीचा फोटो काढायला?"

"तुझं तोंड फोटोत मावत न्हाई," हिरासिंग म्हणाला, आणि ती हसली नाही तेव्हा तिच्यापुढे बसला. "बनाबाई, माळ तुझ्याकडं आली तवा कशी व्हती? खरं सांग."

तिनं इकडेतिकडे बघितलं. "हलकी लागली हाताला."

"आन् तू बोलली न्हाईस?"

"कसं बोलावं? मालकिनीचा डाग हलका हाय असं म्हनलं, तर ती म्हनंल तूच हलका केला. आमच्या धंद्यात डागाला नाव ठिवायचं न्हाई. आला तसा ओवायचा, आला तसा द्यायचा. पहिली पुतळी पहिली, शेवटची शेवटची. जरा बी उलटसुलट केलं न्हाई म्या." मग तिचा आवाज बसला. "बापू, परभनीहून सुटून जरी आले, तरी आता कोन बाई माझ्या हातात डाग दील? मला दुसरं काय येतं?"

 हिरासिंग उठला तो थेट सोनाराकडे गेला.

रामकिशन सोनार आधीच भेदरलेला होता. पितळ त्याच्याच दुकानात उघडं पडलं होतं, तेव्हा आज ना उद्या बोट आपल्याकडे वळणार ही धाकधूक त्याच्या मनात होती. "कार्तिकात म्या माळेला उजाळा दिला तवा सोनंच व्हतं," तो शपथेवर म्हणाला. "आन् मागं ठिपके म्या काहून पाडीन? गिऱ्हाईक बोंबलंल. ह्या बघा तुमच्या फोटोतल्या कडा, कशा बुजल्यात. पुतळी ठशावर ठोकून करतेत, बापू. हे ओतीव काम हाय. म्या तेजाब लावला, पितळ हाय तेवढं सांगितलं. ओतलेलं हाय हे मला बी आत्ता कळून राहिलं."

हिरासिंग दुकानाची पायरी उतरला आणि थांबला. ओतलेलं. हा शब्द या दोन-तीन दिवसांत त्यानं आणखी कुणाच्या तरी तोंडून ऐकला होता. कुणाच्या, ते काही केल्या आठवेना.

उत्तमरावांच्या घरी मंजुळाबाईंनी त्याला ताक दिलं आणि डोळ्याला पदर लावून सगळं सांगितलं. आत्ताची खेप सोडली तर माळ उंबऱ्याबाहेर गेली ती या वर्षभरात तीनदाच, त्याआधी कधी नाही. कार्तिकात रामकिशनकडे उजाळ्याला. माघात नणंद आशाबाईच्या सेनगावच्या घरी, तिच्या लेकीच्या लग्नात नवरीच्या गळ्यात घालायला. मांडवपरतणीलाही पोरीच्या गळ्यात पाहिजे म्हणून ती शिवरात्रीनंतरच परत आली. आणि चैत्रात बनाबाईकडे. एरवी माळ ट्रंकेत असते आणि ट्रंकेची किल्ली आत्याबाईंच्या कनवटीला.

आत्याबाई म्हणजे उत्तमरावांची आई, सत्यभामाबाई. त्या कोपऱ्यात गोधडी शिवत बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी टाका सरळ पडत होता. डाव्या हाताचं बोट आधी शिवण चाचपून यायचं आणि मग उजव्या हातातली सुई बरोबर तिथे शिरायची.

"पुतळीच्या पाठीवर कोनी ठिपके पाडले का, वहिनी?" हिरासिंगनं विचारलं.

"ठिपके? न्हाई बा. कशाचे ठिपके?" मंजुळाबाई म्हणाल्या.

कोपऱ्यातल्या सुईनं टाका चुकवला. म्हातारीनं बोट तोंडात घातलं, आणि हिरासिंगनं ते पाहिलं.

४

मंजुळाबाई ताकाचं भांडं घेऊन आत गेल्या तेव्हा हिरासिंग गोधडीपाशी जाऊन बसला. त्यानं आवाज खाली आणला.

"आई, मागच्या ठिपक्यांतला एक सुईनं टोचलेला हाय."

सत्यभामाबाईंनी सुई गोधडीत खोचली. मग त्यांनी विचारलं, "सुनंला सांगितलं का?"

"न्हाई."

"म्या टोचते," त्या म्हणाल्या. "डाग घराबाहेर जायाचा असला की आदल्या दिशी गाठीजवळच्या पुतळीला सुईनं एक ठिपका. दर खेपंला एक नवा; ह्या खेपंला सून सोता माळ घेऊन सोनारापुढं बसली, म्हनून टोचला न्हाई. नवी सून होते तवा माझ्या आत्याबाईची नथ उसनी गेली आन् बदलून आली. आळ माझ्यावर आला. चार वरसं मला कोनी देवघरात शिरू दिलं न्हाई. तवापासून ही खोड लागली. पर कोनाला सांगावं? सांगितलं तर ज्याला डाग दिला त्याचा भरोसा न्हाई, असाच अर्थ व्हतो. आन् आता तर ठिपके बघायला डोळे बी न्हाईत. म्या बोटानं जागा चाचपून टोचते."

हिरासिंगच्या मनात ठिपके भराभर ओळीनं उभे राहिले. कार्तिकात एक. माघात दुसरा. चैत्रात तिसरा.

म्हातारीनं त्याचा श्वास ऐकला असावा. "किती दिसले तुला? सगळ्यावर किती?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. तो म्हणाला, "अकराही पुतळ्यांवर ओतीव दोन. टोचलेला तिसरा, एकीवरच."

सत्यभामाबाईंच्या मांडीवरची गोधडी घसरून जमिनीवर पडली. त्यांनी ती उचलली नाही. "दोन. बराबर बघितलं का रे बापा?"

"बराबर बघितलं. आई, उद्या अमीनसाहेब येनार. तुमी बोलल्या न्हाई तर माझा फोटो म्हंजे नुसता कागद. आन् ती बाई तुरुंगात जाईल."

"उद्या माझा जावई बी येनार हाय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "जा तू आता."

५

शुक्रवारी सकाळी चावडीवर सगळं गाव लोटलं. अमीनसाहेब खुर्चीवर, पाटील शेजारी, खाली घोंगडीवर उत्तमराव, सटवाजी आणि रामकिशन. बनाबाई खांबापाशी उभी होती, खाली मान घालून.

हिरासिंगनं फोटो पुढे केला. अमीनसाहेबांनी तो उलटसुलट करून बघितला. "परदेशी, फोटो अच्छा है. मगर ये ठिपके किसने लगाए और कब लगाए, ये बताओ. नहीं तो ये कागज मेरे किस काम का?"

हिरासिंगनं दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. ज्या म्हातारीनं सांगू नको म्हटलं नव्हतं आणि सांगही म्हटलं नव्हतं, तिचं नाव आपल्या तोंडून काढायचं की नाही, यावर तो रात्रभर तळमळला होता. त्यानं वेळ काढायला सुरुवात केली. कॅमेरा कसा, डबा कसा, उजेड कडेनं का सोडायचा.

"ह्या डब्याडुब्यावर काहून इश्वास ठिवता, साहेब?" सटवाजी हसत म्हणाला. "न्या की तिला आता."

"ठिपके म्या टोचले," दारातून आवाज आला.

मंजुळाबाईंचा हात धरून सत्यभामाबाई आत आल्या. साठ वर्षांत ती बाई चावडीची पायरी चढली नव्हती. पाटील उठून उभे राहिले. म्हातारीनं उभ्यानंच सगळं सांगितलं, नथीपासून सुईपर्यंत, आणि एकदाही जावयाच्या दिशेला तोंड केलं नाही. मंजुळाबाई तर तोंडाला हात लावून ऐकतच राहिल्या. या घरात वीस वर्षं नांदून हे त्यांच्या कानावर आलं नव्हतं.

मग हिरासिंगच्या जिवात जीव आला.

"साहेब, आता हिशोब सोपा हाय. खोट्या पुतळ्या ओतायला ओताऱ्याला एक खरी पुतळी लागती, साचा घ्यायला. माळेची गाठ सोडली की पहिली हातात येते गाठीजवळची. त्यानं तीच घेतली आन् तिच्यावरून अकरा ओतल्या. तिच्यावर आईनं टोचलेले दोन ठिपके व्हते, ते बी अकराही पुतळ्यांवर उतरले, बुजऱ्या कडांचे. म्हंजे साचा घेतला तवा ठिपके दोन व्हते. कार्तिकात रामकिशनच्या हातात माळ व्हती तवा एकच व्हता. रामकिशन सुटला."

रामकिशननं मोठा उसासा टाकला.

"आन् चैत्रात बनाबाईकडं माळ जायच्या आधी आईनं तिसरा टोचला. तो ओतीव न्हाई, सुईचा हाय, आन् अकरांत एकाच पुतळीवर हाय. बनाबाईनं साचा घेतला असता तर तीनच्या तीन ठिपके अकराही पुतळ्यांवर आले असते. तिसरा ठिपका पितळेवरच टोचला गेला, साहेब. बनाबाईचा हात लागायच्या आधीच माळ खोटी झाली व्हती."

चावडीत कुजबुज उठली. बनाबाईनं मान वर केली.

"दूसरे और तीसरे ठिपके के बीच माला एक ही घर गई," अमीनसाहेब सावकाश म्हणाले.

"आन् तिथून आल्यावर ट्रंकेची किल्ली माझ्या कनवटीला व्हती," सत्यभामाबाई म्हणाल्या.

सटवाजी ताडकन उठला. "म्हंजे माझ्यावर आळ घेता? मांडव भरून मानसं व्हती घरात! कोनी बी केलं असंल!"

त्याच क्षणाला हिरासिंगला तो शब्द आठवला. "सटवाजीराव, मंगळवारी माझ्या दुकानात तुमी म्हनले, अकराच्या अकरा पुतळ्या ओतून घेतल्या. पुतळी ठशावर ठोकतात हे गावातल्या लेकराला बी ठावं हाय. रामकिशननं नुसतं पितळ हाय म्हनलं व्हतं. ओतलेलं हाय हे त्याला बी काल, माझा फोटो बघून कळलं. तुमाला मंगळवारी कसं कळलं?"

 उत्तमराव सटवाजीकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग ओसरला होता आणि त्या जागी नुसती लाज उभी होती. सटवाजी खाली बसला तो फेटा काढूनच बसला.

मग सगळं भराभर बाहेर आलं. त्याला सेनगावात पिठाच्या गिरणीचं इंजिन बसवायचं होतं. शिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेत एका फिरत्या ओताऱ्याला त्यानं गाठीजवळची पुतळी काढून दिली, गौरीच्या गळ्यात घालायला पितळी माळ पाहिजे म्हणून सांगितलं, आणि त्या बिचाऱ्यानं विश्वासानं ओतून, पाणी देऊन माळ हातात ठेवली. आशाबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"पुतळ्या कुठं हायेत?" उत्तमरावांनी विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"हायेत. लढाईपायी इंजिन आलंच न्हाई. गव्हाच्या कोठीत फडक्यात बांधून ठिवल्यात. अकरा बी हायेत."

सत्यभामाबाईंनी पहिल्यांदा मोठा श्वास घेतला. आत्तापर्यंत त्या उभ्याच होत्या. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, माझ्या लेकीचा संसार हाय. सोनं मिळालं तर फिर्याद उचला म्हनते मी. पर ह्यानं आधी त्या बाईची माफी मागावी. हितंच, सगळ्यांदेखत."

अमीनसाहेबांनी उत्तमरावांकडे बघितलं. उत्तमरावांनी मान डोलावली. "माल मिल गया, फिर्याद वापस," अमीनसाहेब म्हणाले, आणि सटवाजीकडे वळून दरडावले, "उठो. माफी मांगो."

सेनगावचा जावई उठला आणि खांबापाशी उभ्या असलेल्या पटवेकरणीपुढे त्यानं हात जोडले. बनाबाई त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती हिरासिंगकडे बघत होती आणि तिचे डोळे घळाघळा वाहत होते. हिरासिंगला इतकं हलकं वाटलं की तो फोटोची गुंडाळी चावडीतच विसरला.

६

पण दुपारी पारावर बनाबाई एकटी बसली होती, आणि हिरासिंगला तिच्या मनातलं न सांगता कळत होतं. चावडीत निर्दोष ठरणं निराळं आणि बायकांनी पुन्हा डाग हातात देणं निराळं. तीन दिवस जिला सगळं गाव चोरटी म्हणत होतं, तिच्याकडे गोंडा बांधायला कोण येणार?

"चल, छकडं थांबलंय," तो म्हणाला. "हिंगोलीला जाऊ."

"चला," ती म्हणाली, आणि पिशवी उचलली.

तेवढ्यात मंजुळाबाई आल्या. त्यांच्या पदरात मोहनमाळेचे मणी होते, सगळे सुटे. "बनाबाई, हे ओवून दे. तुटली बघ."

मागून पाटलांची सून आली. तिची बोरमाळ तुटली होती. तिच्या मागे सखुबाई सुतारीण, तिची काळी पोत हातात. मग आणखी दोघी. मग वेशीकडून पाच-सहा जणी एकदमच आल्या. एकीच्या हातात ठुशी, एकीच्या हातात लेकराच्या कमरेचा करदोटा. वैशाखातल्या त्या एका दुपारी कुरुंद्यातले निम्मे डाग तुटले होते.

बनाबाईनं मंजुळाबाईंच्या मोहनमाळेचा धागा बोटावर घेतला. रेशीम नवं होतं, चांगलं घट्ट होतं, आणि टोक सरळ कापलेलं होतं, कात्रीनं. तिनं सखुबाईच्या पोतेचा धागा बघितला. तोही कापलेला. तिनं सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं; सगळ्या उगाच पदर सावरत होत्या.

"बापू, तुमी व्हा पुढं," ती डोळे पुसत म्हणाली आणि पारावर मांडी घालून बसली. "मला हितं चार दिवस तरी लागनार."